वरचा मजला, खालचा मजला

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी हार्वर्ड विद्यापीठाचे तौलनिक प्राणिशास्त्राचे जुने म्युझियम आहे. त्याला लागूनच प्रयोगशाळांची एक इमारत. १९७५ साली या इमारतीत वरच्या मजल्यावर एडवर्ड विल्सन हा मुंग्यांचा जाणकार बसत असे आणि त्याच्या खालच्या मजल्यावर रिचर्ड लेवोंटिन हा फळमाश्यांचा. दोघेही १९२९ सालचे. दोघेही उत्क्रांतीचेच अभ्यासक. लेवोंटिन शिकागोहून हार्वर्डला आला तो १९७३ साली, आणि तो डाव्या चळवळीतला माणूस, खात्यात उगाच डोकेदुखी व्हायची, अशी कुजबुज चालू असताना त्याच्या नेमणुकीची बाजू ज्यांनी हिरिरीने घेतली त्यांत विल्सन होता.

१९७५ च्या उन्हाळ्यात विल्सनचा ‘सोशिओबायॉलॉजी’ हा जवळजवळ सातशे पानांचा ग्रंथ बाहेर पडला. मुंग्यांपासून माकडांपर्यंत प्राण्यांच्या सामाजिक वागणुकीचा उत्क्रांतीच्या अंगाने घेतलेला तो आढावा होता. प्रकरणे सत्तावीस. शेवटचे तेवढे माणसावर. त्या शेवटच्या प्रकरणाने आग लावली. नोव्हेंबर महिन्यात ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये सोळा जणांच्या सह्यांचे एक पत्र छापून आले. माणसाचे वागणे जनुकांवर ढकलणाऱ्या अशाच विचारांतून पूर्वी नसबंदीचे कायदे आले आणि पुढे नाझींच्या छळछावण्यांपर्यंत मजल गेली, असा त्या पत्राचा रोख होता. सही करणाऱ्यांत खालच्या मजल्यावरचा लेवोंटिन होता, त्याच म्युझियममधला स्टीफन जे गूल्ड होता, जीवशास्त्र विभागातल्याच रूथ हबर्ड होत्या.

टीका झाली याचे विल्सनला फारसे वाईट वाटले नसते. त्याला लागले ते वेगळेच. रोज ज्यांच्याशी एका जिन्यात गाठ पडायची त्या माणसांनी एका शब्दाने त्याला काही विचारले नव्हते, मसुदा दाखवला नव्हता. त्याच्या पायाखालच्या खोलीत बैठका भरत होत्या आणि वर त्याला पत्ता नव्हता. पुढे त्याने आपल्या आठवणींत हे सगळे सविस्तर लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे अशा प्रकाराला भाऊबंदकी हा नेमका शब्द आहे. एकच वाडा, एकच नळ, मध्ये सामाईक भिंत, आणि बोलणे बंद. विद्यापीठातले खाते हे बाहेरून पाहणाऱ्याला एक कुटुंब वाटते. दारावर एक पाटी, आत सगळ्यांच्या नावांचा फळा, वर्षाच्या शेवटी सर्वांनी मिळून काढलेला फोटो. प्रत्यक्षात कोण कोणाबरोबर काम करतो, हे त्या फळ्यावरून कळत नाही. ते कळते छापून आलेल्या शोधनिबंधांवरच्या नावांवरून. एखाद्या खात्याचे दहा वर्षांतले निबंध समोर घेऊन बसावे आणि ज्या दोन नावांनी मिळून लिहिले असेल त्यांच्यामध्ये एक रेघ ओढावी. कागदावर जे जाळे उमटेल ते खात्याचे खरे चित्र. पुष्कळदा असे दिसते की शेजारच्या खोलीकडे एकही रेघ जात नाही आणि हजार मैलांवरच्या गावाकडे सात जातात.

असे जाळे काढण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर मार्क न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञाने केला. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतले जीवशास्त्र आणि वैद्यकातले ‘मेडलाइन’ या सूचीतले एकवीस लाखांवर निबंध त्याने संगणकाला घातले. लेखक निघाले पंधरा लाखांच्या आसपास. एका निबंधावर सरासरी पावणेचार नावे, आणि एका माणसाचे या पाच वर्षांतले सहलेखक सरासरी अठरा. गणितज्ञांचा हिशेब त्याने याच्याशेजारी मांडला; तिथे एका निबंधावर दीड माणूससुद्धा धड भरत नाही आणि सहलेखक जेमतेम चार. जीवशास्त्र हा गोतावळ्याचा धंदा आहे, हे आकड्यांनीच सांगितले. पंधरा लाखांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एकाच मोठ्या जाळ्यात सापडतात आणि त्यातल्या कोणाही दोघांमध्ये सरासरी साडेचार-पाच हस्तांदोलनांचे अंतर असते. पण सरासरी ही फसवी बाई. अठरा सहलेखकांपैकी आपल्याच खात्यातले किती आणि ते का, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुन्हा जिन्याकडेच यावे लागते.

हार्वर्डच्या जिन्याची गोष्ट खरे तर १९५६ सालापासून सुरू होते. त्या वर्षी जीवशास्त्र विभागात दोन तरुण सहाय्यक प्राध्यापक रुजू झाले. एक विल्सन, दुसरा जेम्स वॉटसन. वॉटसन तीन वर्षांपूर्वी फ्रान्सिस क्रिकबरोबर डीएनएची रचना उलगडून जगप्रसिद्ध झालेला. वय अठ्ठावीस. जीवशास्त्र याचा अर्थ आता रेणूंचे जीवशास्त्र. बाकी फुलपाखरे गोळा करणारे आणि गवताची नावे लावणारे यांनी कपाटे आवरावीत, असे त्याचे रोखठोक मत, आणि मत मनात ठेवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. विभागाच्या बैठकीत तो समोरच्यांना जुनेपुराणे सामान समजून बोलत असे. वाटेत विल्सन दिसला तरी ओळख देत नसे. १९५८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने विल्सनला बोलावणे धाडले तेव्हा तो हातचा जाऊ नये म्हणून हार्वर्डने त्याला कायम केले. डीएनएवाल्याच्या आधी मुंगीवाला कायम! वॉटसनचा संताप खात्यात सगळ्यांनी ऐकला म्हणतात. अर्थात त्यालाही लगोलग बढती मिळाली. चार वर्षांनी नोबेलही मिळाले.

हे केवळ दोन स्वभावांचे भांडण असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. भांडण नेमणुकांचे होते. मोकळी झालेली जागा परिसरशास्त्रज्ञाला द्यायची की रेणवीय जीवशास्त्रज्ञाला? पुढच्या तीस वर्षांत खात्यात कोण कोणाशी बोलणार हे त्या एका जागेवर ठरत असते. परिसरशास्त्रज्ञ घ्या असे म्हणणाऱ्याचे डोके ठिकाणावर नाही, असा वॉटसनचा अभिप्राय होता. खात्याचे हळूहळू दोन तट पडले, मग बैठका वेगळ्या झाल्या, आणि पुढे खातेच वेगळे झाले. आज हार्वर्डमध्ये रेणू आणि पेशींचा विभाग निराळा आहे, सबंध प्राण्यावनस्पतींचा आणि उत्क्रांतीचा निराळा.

मला यात कुतूहल वाटते ते विल्सनने काय केले याचे. घरात जो दबून असतो तो शेजारीपाजारी मैत्र जोडतो. विल्सनला गणित फारसे येत नसे, हे तो स्वतःच सांगे. वयाच्या तिशीत, प्राध्यापक झाल्यावर, तो विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसून कॅल्क्युलस शिकला. पण गणित येणारी माणसे हेरण्याचे त्याचे कसब विलक्षण. विल्यम बॉसर्ट हा गणिताच्या अंगाचा तरुण त्याने धरला आणि मुंग्या ज्या गंधखुणांनी एकमेकींना निरोप देतात त्या हवेत किती पसरतात, किती वेळ टिकतात याचे हिशेब दोघांनी मिळून मांडले. पुढे रॉबर्ट मॅकार्थर भेटला. हा पक्ष्यांचा अभ्यासक, मूळचा गणितातला, आणि हार्वर्डचा नव्हेच. बेटावर किती जाती नांदतील, हे बेटाचा आकार आणि मुख्य भूमीपासूनचे अंतर यांवरून सांगता येईल, हा त्या दोघांचा सिद्धांत. १९६३ साली निबंध, १९६७ साली पुस्तक. आज अभयारण्य केवढे असावे आणि दोन अभयारण्यांत किती अंतर असावे याच्या चर्चा जगभर होतात, त्यांचे मूळ या दोघांच्या पत्रव्यवहारात आणि गप्पांत आहे. सिद्धांत खरा की नाही हे तपासायला विल्सनने डॅनियल सिंबरलॉफ या गणिताच्या पदवीधराला हाताशी घेतले. दोघांनी फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळची तिवरांची चिमुकली बेटे निवडली, त्यांच्यावर तंबू ठोकून विषारी धूर केला, झाडून सारे किडेकोळी मारले आणि मग ते परत कसे येतात हे मोजत बसले. वर्षभराच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या पुन्हा पहिल्याइतकी झाली. जाती मात्र त्याच नव्हत्या.

१९६४ सालच्या जुलै महिन्यात व्हरमाँट राज्यात, मॅकार्थरच्या तळ्याकाठच्या घरी, चारपाच जण दोन दिवस जमले होते. मॅकार्थर, विल्सन, रिचर्ड लेव्हिन्स, एग्बर्ट ली आणि, हे वाचताना जरा थांबावे, रिचर्ड लेवोंटिन. जाती, लोकसंख्या, जनुके या सगळ्यांचे एकच शास्त्र कसे घडवता येईल यावर फिरता फिरता बोलणी झाली. फ्रान्समध्ये काही गणितज्ञ ‘बूर्बाकी’ या एकाच टोपणनावाने मिळून लिहीत, तसे आपणही ‘जॉर्ज मॅक्झिमिन’ या नावाने लिहावे अशी टूम निघाली. कोणाचे किती योगदान हा प्रश्नच नको, सगळे मॅक्झिमिनचे. ते काही फळाला आले नाही. प्रत्येकाला आपल्या नावाचे आणि आपल्या वाक्याचे मोल होतेच. अकरा वर्षांनी यांतलाच एक दुसऱ्याविरुद्धच्या पत्रावर सही करणार होता.

लेवोंटिनची स्वतःची मोठी भागीदारी याच सुमाराची, आणि ती मात्र अगदी खात्यातली. तो शिकागो विद्यापीठात आला १९६४ मध्ये. त्याच्या डोक्यात एक प्रश्न वर्षानुवर्षे घोळत होता: एका जातीतल्या प्राण्यांमध्ये आपापसांत जनुकांचा फरक असतो तरी किती? बहुतेक जनुके सगळ्यांत सारखीच, की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भिन्नता? या प्रश्नावर दोन घराणी पडली होती आणि तीस वर्षे वाद चालला होता. पण मोजायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच खात्यात जॅक हबी नावाचा जीवरसायनशास्त्रज्ञ होता. जेलच्या पट्टीत प्रथिने घालून तिच्यातून वीज सोडायची आणि कोणते प्रथिन किती सरकते ते पाहायचे, हे इलेक्ट्रोफोरेसिसचे तंत्र तो माश्यांवर वापरत होता. तंत्र उत्तम चालत होते, पण त्याने कोणता मोठा प्रश्न सोडवावा हे त्याला नीटसे सुचत नव्हते. लेवोंटिन पुढे गमतीने सांगत असे की माझ्याकडे प्रश्न होता आणि पद्धत नव्हती, हबीकडे पद्धत होती आणि प्रश्न नव्हता.

दोघांनी एका जातीच्या फळमाशीतली अठरा जनुकस्थाने तपासली. एका माशीच्या साधारण बारा टक्के जनुकस्थानांवर आईकडून आणि बापाकडून आलेली प्रत निराळी निघाली. कोणाच्याच अपेक्षेत एवढी भिन्नता नव्हती. (त्याच वर्षी, १९६६ साली, लंडनमध्ये हॅरी हॅरिसने माणसाच्या रक्तातल्या विकरांवरून तसाच निष्कर्ष काढला.) दोघांनी काम छापले ते दोन निबंधांत. पहिल्या निबंधावर हबीचे नाव आधी, दुसऱ्यावर लेवोंटिनचे. पद्धत ज्याची त्याच्यात तो पुढे, प्रश्न ज्याचा त्याच्यात तो. इतका साधा न्याय आपल्याला वर्षानुवर्षे सुचत नाही याचे आश्चर्य वाटते.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडा रेंगाळतो, कारण विद्यापीठातल्या सहकार्याचे सारे रागलोभ शेवटी तिथे येऊन थांबतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, शर्मरहॉर्न हॉल या इमारतीत, टॉमस हंट मॉर्गनची ‘माश्यांची खोली’ होती. क्रमांक ६१३. लांबी तेवीस फूट, रुंदी सोळा फूट, आणि त्यात आठ टेबले. दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या, कुजणाऱ्या केळ्यांचा वास, झुरळे. या खोलीत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट, कॅल्विन ब्रिजेस आणि हर्मन मुलर ही पोरे मॉर्गनबरोबर खांद्याला खांदा लावून बसत आणि दिवसभर एकमेकांच्या कामात नाक खुपसत. रंगसूत्रावर जनुके ओळीने कशी मांडलेली असतात त्याचा जगातला पहिला नकाशा स्टर्टेव्हंटने काढला तो पदवीचा विद्यार्थी असताना, एका रात्रीत. कॉलेजचा गृहपाठ त्या रात्री राहून गेला. १९१३ साली तो निबंध छापून आला त्यावर स्टर्टेव्हंटचे एकट्याचे नाव आहे. कल्पनेला निमित्त झाले होते मॉर्गनशी झालेले बोलणे, माश्या मॉर्गनच्या, खोली मॉर्गनची. मॉर्गनचे नाव नाही. १९३३ साली नोबेल मिळाले तेव्हा मॉर्गनने त्या रकमेतला वाटा स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिला.

अर्थात त्या खोलीतही सगळे सुखात होते असे नाही. मुलरला शेवटपर्यंत वाटत राहिले की बोलण्याबोलण्यात माझ्या कल्पना इतरांच्या नावावर गेल्या. सगळेच एकमेकांशी मोकळे बोलतात तेव्हा कोणती कल्पना कोणाची, हे ठरवायचे कसे? बोलणे बंद ठेवले तर चोरी होत नाही, पण विज्ञानही होत नाही. मुलर तिथून बाहेर पडला, क्ष-किरणांनी जनुके बदलता येतात हे त्याने दाखवले, आणि १९४६ मध्ये त्याला त्याचे स्वतःचे नोबेल मिळाले. कडवटपणा काही गेला नाही.

या खोलीतली रीत पुढे झिरपत गेली. मॉर्गनच्या गोटात १९२७ साली थिओडोसियस डोब्झान्स्की आला. डोब्झान्स्कीच्या हाताखाली लेवोंटिन तयार झाला. लेवोंटिनने आपल्या प्रयोगशाळेत नियमच केला होता की ज्या कामात माझा हात नाही त्यावर माझे नाव घालायचे नाही, मग पैसा आणि जागा माझी असली तरी. १९८३ साली त्याचा विद्यार्थी मार्टिन क्राइटमन याने एकाच जनुकाच्या अकरा प्रती अक्षर-अक्षर वाचून काढल्या. हबीच्या पद्धतीने जे दिसतच नव्हते ते त्यात दिसले. ‘नेचर’मध्ये आलेला तो निबंध क्राइटमनच्या एकट्याच्या नावावर आहे. आणि गंमत पाहा: रस्त्यापलीकडच्या, दाराशी काशाचे दोन गेंडे असलेल्या इमारतीत, ज्याच्या उर्मटपणाच्या कथा सांगून लोक थकत नाहीत तो वॉटसन हेच करत होता. आपल्या प्रयोगशाळेतून निघालेल्या निबंधांवर, स्वतः काम केले नसेल तर, तो आपले नाव लावत नसे. भौतिकशास्त्रातून त्याने ओढून आणलेला वॉल्टर गिल्बर्ट त्याच्या सावलीत राहिला नाही याचे हेही एक कारण असावे. गिल्बर्टला १९८० साली नोबेल मिळाले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या मजल्यांवर या एका बाबतीत एकमत होते.

आपल्याकडची रीत काय आहे हे मी सांगायला नको. गाइडचे नाव हे आपल्याकडे देवाच्या नावासारखे आरंभी येते, आणि विभागप्रमुखांचे कधी कधी नैवेद्यासारखे शेवटी.

सहकार्य मुद्दाम घडवून आणता येते का? आर्थर कोर्नबर्गने तसे केले. १९५९ साली तो सेंट लुईसहून स्टॅनफर्डला गेला तो जवळजवळ सबंध खाते बरोबर घेऊन: पॉल बर्ग, डेल कायझर, डेव्हिड हॉग्नेस आणि इतर. उपकरणे सामाईक, रसायने सामाईक, अनुदानाचे पैसेही बहुतांशी सामाईक. विद्यार्थी गुरूवारीने बसवायचे नाहीत. एकाच प्रयोगशाळेत तिघा प्राध्यापकांचे विद्यार्थी मिसळून. साहजिकच एका गटात बनलेले विकर दुसऱ्या गटाच्या प्रयोगात सहज जाऊन पोचे. दोन वेगळ्या जीवांचे डीएनए जोडण्याचे पहिले काम १९७२ साली बर्गच्या गटाने याच खात्यात केले, आणि त्याच सुमारास कायझरचा विद्यार्थीही शेजारीच तेच जोडकाम करत होता. फ्रीज एकच असेल तर अशा गोष्टी होतात.

हा फ्रीजचा मुद्दा वाटतो तितका थिल्लर नाही. एमआयटीतल्या टॉमस ॲलन याने संशोधन-संस्थांतल्या इंजिनियरांच्या टेबलांमधले अंतर मोजले आणि कोण कोणाशी आठवड्यातून एकदा तरी कामाचे बोलतो हे टिपले. त्याचे पुस्तक आले १९७७ मध्ये. अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने घटते आणि पन्नास मीटरपुढे गेले की माणूस त्याच गावात आहे की दुसऱ्या, याने फारसा फरक पडत नाही. २०१० साली खुद्द हार्वर्डच्या वैद्यक-जीवशास्त्रातल्या हजारो निबंधांवर काहींनी असाच प्रयोग केला. पहिला लेखक आणि शेवटचा लेखक, म्हणजे साधारणपणे विद्यार्थी आणि गुरू, एकाच इमारतीत असले तर त्या निबंधाचा इतरांनी केलेला उल्लेख सरासरीने जास्त आढळला. तारायंत्र, टेलिफोन, ई-मेल सगळे येऊनही जिना आपली जागा सोडत नाही.

पण जिना एकटा पुरत नाही, हे विल्सन-लेवोंटिन प्रकरणानेच दाखवले. त्यांच्यामध्ये अंतर होते पंधरा फूट. १९७८ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला विज्ञान परिषदेत विल्सन पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन व्यासपीठावर बसला असताना निदर्शकांनी त्याच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचा जग रिकामा केला. तेव्हा व्यासपीठावर बसलेल्या गूल्डने, पत्रावर सही करणाऱ्या त्याच गूल्डने, उठून त्या प्रकाराचा निषेध केला. विल्सन पुढेही हार्वर्डमध्येच राहिला. जर्मनीहून आलेल्या बर्ट होल्डोब्लर या मुंग्यांच्याच जाणकाराबरोबर त्याने ‘द अँट्स’ हा महाग्रंथ १९९० मध्ये काढला, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१० साली, ऐंशी उलटल्यावर, हार्वर्डच्याच दोन गणितज्ञ सहकाऱ्यांबरोबर त्याने ‘नेचर’मध्ये मुंग्यांच्या समाजाच्या उगमाविषयी प्रस्थापित मताला धक्का देणारा निबंध लिहिला. पुन्हा पत्र आले. या वेळी सह्या होत्या एकशे सदतीस. लेवोंटिन २०२१ च्या जुलैत गेला, विल्सन त्याच वर्षी डिसेंबरात.

या भांडणाच्या ऐन धुमाळीच्या आधी, १९६५ साली, पुण्याचा एक तरुण त्या खात्यात दाखल झाला होता. माधव गाडगीळ. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी आणि मुंबईत एम.एस्सी. करून ते गेले होते. बरोबर सुलोचनाबाई, त्या गणितात. गाडगीळांनी आपला मार्गदर्शक निवडला तो बॉसर्ट, म्हणजे विल्सनचा तोच गणिती भागीदार. १९६९ मध्ये पीएच.डी. झाली. प्राण्याने आयुष्यात आपली शक्ती वाढीवर किती खर्चावी आणि प्रजननावर किती, यावरचा गाडगीळ आणि बॉसर्ट यांचा १९७० सालचा निबंध आजही अभ्यासक वाचतात. तिथेच ऑटो सोलब्रिग या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी रानफुलांवर काम केले. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, गणिताचा गुरू, फुलांचा भागीदार. जे खाते दोन तटांत फाटत होते त्यातच कडेकडेने अशी शिवणही चालू होती.

१९७१ मध्ये गाडगीळ पती-पत्नी परत आली. हार्वर्डच्या गणिती परिसरशास्त्राला पुण्यात कोण भागीदार मिळणार? पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना वा. द. वर्तक भेटले. वर्तक हे सह्याद्रीतली झाडे पायांनी हिंडून ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघे देवराया हिंडू लागले. वाघजाई, काळकाई, म्हसोबा, जे दैवत असेल त्याच्या नावाने राखलेली रानाची तुकडी; फांदी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही उचलायचे नाही. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी मधे हे एक हिरवे बेट टिकून. मॅकार्थर आणि विल्सन यांची बेटे समुद्रात होती, ही डोंगरात. वर्तकांना प्रत्येक झाडाचे नाव ठाऊक आणि गावकऱ्यांशी बोलण्याची हातोटी, गाडगीळांकडे प्रश्न. १९७५ आणि ७६ साली दोघांचे देवरायांवरचे निबंध आले आणि हा विषय जगाच्या नकाशावर गेला. पुढे बंगलोरला गेल्यावर गाडगीळांनी मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रांबरोबर भटक्या जमातींवर, इतिहासकार रामचंद्र गुहांबरोबर भारताच्या पर्यावरणाच्या इतिहासावर काम केले. त्यांच्या नावांमधल्या रेघा काढायला बसलो तर एका खात्याचा कागद पुरणार नाही.

हे लिहिताना माझी स्वतःची एक रेघ मला टोचत राहिली आहे, ती सांगून थांबतो. मी जिथे पीएच.डी. केली त्या प्राणिशास्त्र विभागात थंड सेंट्रिफ्यूज एकच होता आणि तो ज्या सरांच्या अनुदानातून आला होता त्यांचे आणि माझ्या गाइडचे बोलणे नव्हते. खोलीला दोन कुलुपे, किल्ल्या दोघांकडे एकेक. त्यामुळे मी बेडकांच्या यकृताच्या नळ्या बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये घालून सायकलवरून तीन मैलांवरच्या एका संस्थेत जात असे. एप्रिल-मे महिन्यात नऊच्या आत पोचावे लागे, नाही तर विकर मरून जाई. तिथे एक तंत्रज्ञ होते. त्यांनी पहिल्या दिवशी मला कुठल्या विभागाचा, कोणाची परवानगी, काही विचारले नाही. रजिस्टरमध्ये ‘देखभाल’ असे लिहून ते मशीन लावून देत. शिवाय नळ्या समतोल कशा ठेवायच्या, किती फेऱ्यांना माझे विकर खाली बसते आणि किती फेऱ्यांना वर राहते, हे त्यांनीच मला दोन महिने खपून शोधून दिले. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण सगळे त्यावर उभे आहे. त्यातून एक निबंध निघाला. पहिले नाव गाइडचे, दुसरे माझे.

तंत्रज्ञांचे नाव निदान ऋणनिर्देशात घालावे असे मनात होते. कच्च्या मसुद्यात मी ते लिहिलेही होते. मग वाटले, त्या संस्थेचे नाव आले की आपल्याच विभागातला सेंट्रिफ्यूज का वापरला नाही हे परीक्षक विचारतील, आणि सरांना ते आवडणार नाही. टंकलेखकाकडे पान देण्याच्या आदल्या रात्री मी ती ओळ खोडली.